पानमळ्याची बातमी

मळा, अकोट–अंजनगाव रस्ता
१८ सप्टेंबर २०२५

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही, मुद्दाम.

नऊ वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही पुस्तकी भाषेत. दोष तुझाच. तू अकराव्या वर्षी अमरावतीच्या वसतिगृहात गेलास आणि मी सात वर्षांची पोर तुला पहिलं पत्र पाठवलं, तर तू त्यातले सगळे 'मले' खोडून 'मला' केलेस आणि पत्र मलाच परत धाडलंस. तेव्हापासून माझ्या तोंडात वऱ्हाडी आणि कागदावर मास्तरीण.

कारण सांगते. परवा एक मुलगी मळ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरली आणि ओरडत आली, "बेबीताई इथंच राह्यतात का?" रागिणी तिचं नाव. अमरावतीला कॉलेजात शिकवते. तुझं चरित्र लिहितेय, म्हणजे मुलांचे लाडके लेखक शालिकराम आणि त्यांचं निसर्गप्रेम. लहानपणी तुझी 'सातभाईंची बैठक' उशाशी घेऊन झोपायची म्हणे. चहा होईपर्यंत तिने पिशवीतून एक गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझ्याच पत्रांच्या झेरॉक्स.

"काकू, सरांच्या पेटीत तीनशे बारा पत्रं सापडली. सर म्हणतेत माही जुनी टिपणं आहेत. पण अक्षर त्याईचं नाही. पत्ता पाहून इथपर्यंत आली मी."

"टिपणं कायची?" मी म्हटलं. "बातम्या आहेत त्या. मळ्याच्या."

तीनशे बारा! मला वाटलं होतं तू बंबात घातली असशील.

तिचा दोनशे चाळीस पानांचा कच्चा खर्डा ठेवून घेतला आणि दोन दिवसांत वाचून काढला. त्यात मी एका ठिकाणी आहे. "त्यांना एक धाकटी बहीण असून ती शेती पाहते." पाहते म्हणजे काय रे, सिनेमा आहे तो? पण त्याचा राग नाही. राग शेवटच्या पानाचा आहे. "तो पानमळा आता उरला नाही. मळा संपला आणि शालिकरामांची लेखणीही थांबली." हे तू तिला तोंडाने सांगितलंस. मी म्हटलं, बदल हे. तर म्हणाली, "सरांनी सोता सांगतलं तरच बदलीन, काकू. वाक्य त्याईचं आहे." दिवाळी झाली की पुस्तक छापायला जाणार आहे.

तर ऐक. मळा आहे. होता तसाच आहे. तिला तेवढं कळव, म्हणजे माझं काम झालं. नऊ वर्षांपूर्वी जे झालं ते झालं, मी काही फार वाईट वागले नव्हते.

बेबी

&nbsp;

२७ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. अकोटहून अमरावतीला पत्र जायला नऊ दिवस लागत नाहीत, एवढं मला कळतं.

रागिणीने खर्डा माझ्याकडेच ठेवलाय, चुका दाखवा म्हणून. लाल पेनाची एक रिफिल संपली. काही नमुने देते. "शालिकराम लहानपणी पहाटे उठून वेलींशी हितगुज करत." पहाटे? तुला आठ वाजता बाबा पाय धरून ओढायचे. "हादग्याच्या गर्द सावलीत" असंही लिहिलंय. वऱ्हाडात हेट्याला हादगा कोण म्हणतं? पानाचा वेल ज्या झाडावर चढतो तो आमचा हेटा, असं समासात लिहून दिलंय.

टिटवीच्या अंड्यांची गोष्टही आहे. कपाशीत तण काढायला बैलांचा डवरा चालू होता, शालिकरामांना दोन ओळींमधल्या तासात टिटवीची चार अंडी दिसली, त्यांनी तिथे काठी रोवली, बैल वळसा घालून गेले आणि ते तास कायमचं वाकडं राहिलं, गाव हसलं. छान लिहिलंय पोरीने. पण दादा, अंडी मी पाहिली होती. तू नुसता "कुठं आहेत, कुठं आहेत" करत चारदा त्यांच्यावर पाय देता देता वाचलास. ढेकळात ढेकूळ दिसत होती ती तुला. मग मी बोट दाखवलं आणि तू काठी आणलीस.

हे मी चिडून लिहीत नाही. खरं सांगू? मी अंडी पाहिली आणि मला कौतुक वाटलं, तेवढंच. बैल येणार आहेत हे तुझ्याच ध्यानात आलं. बाबांच्या समोर उभा राहून "इथून डवरा नाही जाणार" असं तूच म्हणालास, थोबाडीत खाल्लीस आणि तरी हलला नाहीस. झाडापाखरांवरची माया म्हणजे काय असं कोणी मला विचारलं तर मी हेच सांगेन. समासात दोन्ही लिहिलंय. अंडी बेबीने पाहिली, काठी शालिकने रोवली.

अकोटच्या बाजारात माझ्याशेजारी वांगी विकणाऱ्या ललिताबाईची नात आहे, आचल. दुसरीत शिकते. तुझं 'मुंगसाचं पोस्ट ऑफिस' हे पुस्तक तिला तोंडपाठ आहे. परवा मला म्हणाली, "आजी, त्या मुंगसाले पत्र कोन पाठवते?" काय सांगणार तिला?

विहिरीवर आज दोन बुलबुल दिवसभर भांडले. मळा पूर्वीसारखाच आहे. म्हणजे अगदी तेवढा नाही, थोडा कमी. पण आहे.

बेबी

&nbsp;

५ ऑक्टोबर

दादा,

दसऱ्याला वाटलं होतं, एखादी ओळ येईल. आली नाही. म्हणून आज ते बोलून टाकते.

रागिणीने फोनवर सरळच विचारलं, "काकू, दोन हजार सोळानंतर तुमचं एकबी पत्र नाही. अन् सरांचं एकबी पुस्तक नाही. काहून?" मी म्हटलं, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला.

तुझा सत्कार झाला होता. तू दोन गाड्या भरून पाहुणे घेऊन आलास, हारासकट. मला किती आनंद झाला होता ते तुला ठाऊक नाही. सकाळपासून पानं खुडून, पुसून, परातीत मांडून ठेवली होती. आणि तुम्ही सगळे बूट घालून मळ्यात शिरलात. पानमळ्यात, दादा! जिथे बाबा दारातल्या दगडावर पायतान काढल्याशिवाय कोणा जमादाराला आत येऊ देत नव्हते. मी ओरडले, "पायतान काढा!" आणि तू हसलास. तू पाहुण्यांना म्हणालास, "चला हो, जुन्या समजुती आहेत."

ज्या माणसाने मळ्यात अनवाणी शिरणाऱ्या पोरांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ज्याच्यामुळे पुण्यामुंबईची पोरं बागेत गेली की चपला काढतात, तो माणूस पाहुण्यांपुढे म्हणाला, जुन्या समजुती. माझ्या डोक्यात काय गेलं मला माहीत नाही.

बरं, आता माझं. मी मागच्या पत्रात लिहिलं की मी फार वाईट वागले नव्हते. तू आत जायला लागलास तेव्हा मी खाली बसून तुझा पाय धरला, डावा बूट ओढून काढला आणि विहिरीत टाकला. दोन आमदार होते तिथे. तू एका बुटावर अमरावतीला गेलास. हे वाईट वागणंच होतं.

हसू येतंय मला लिहिताना. तेव्हा नव्हतं येत. तेव्हा वाटलं होतं, आठ दिवसांत येईल हा बूट मागायला आणि मी त्याला जेवायला वाढीन. तू आला नाहीस. माझी चूक होती, दादा. तुझीही होती, पण तुझी तू लिही.

रागिणी बारा तारखेला फोटोवाला घेऊन मळ्याचे फोटो काढायला येतेय. त्याआधी तिला फोन कर. एवढंच.

बेबी

&nbsp;

११ ऑक्टोबर

दादा,

रागिणीला कळवलं, मला ताप आहे, येऊ नको. ताप नाही.

मळा नाही, दादा. तू तिला खरं सांगितलंस. खोटं मी बोलले, तिच्याशीही आणि तुझ्याशीही. ती आली तेव्हा तिला ओसरीवरूनच हेटे दाखवले आणि बाकीचा मळा मागे आहे म्हणून सांगितलं. "होता तसाच आहे," मग "थोडा कमी आहे," असं म्हणत म्हणत किती दिवस लपवणार होते, देव जाणे. विहिरीजवळ थोडे हेटे आहेत आणि त्यांच्यावर चाळीसेक वेल. बाकी सगळीकडे तूर आहे. तूर चांगली आहे यंदा, पण ती तूर आहे.

कोणी जबरदस्ती केली नाही. पाण्याचा त्रास होता, पण पाण्याने मळा गेला नाही. खुशालरावांच्या माघारी वेल बांधायला हात उरले नाहीत, तेही खरं. हे असेपर्यंत आम्ही दोघं दर पंधरा दिवसांनी वेल बांधायचो. वर गेलेला खाली उतरवून मातीत दाबायचो. सागर अकोल्याला नोकरीत. तो म्हणाला, "आई, आता पुरे कर." मी त्याला शिव्या दिल्या आणि मग एका उन्हाळ्यात स्वतःच एक ओळ काढली. पुढच्या वर्षी आणखी दोन. मग मोजलं नाही.

तुला एक सांगते, ते कोणालाच सांगितलेलं नाही. वेल उपटताना मला तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की ही बातमी कळवायला कोणी नव्हतं. पन्नासच्या वर वर्षं माझी सवय होती. काही दिसलं की मनात वाक्य तयार व्हायचं, "दादा, आज मळ्यात असं झालं." सापाने कात टाकली, दादाला लिहायचं. बुलबुलाने वेलाच्या गाठीत घरटं केलं, दादाला लिहायचं. तू त्यातून गोष्ट करायचास आणि ती पोरं वाचायची. नऊ वर्षं वाक्य तयार होत राहिलं आणि आत जिरत राहिलं. मग मी बघायचंच सोडलं. ज्या मळ्याकडे कोणी बघत नाही तो ठेवून काय करायचा?

तुझी लेखणी मळा संपला म्हणून थांबली नाही. मी लिहिणं थांबवलं म्हणून ती थांबली. आणि मी मळा मोडला तो तू विचारणं थांबवलंस म्हणून. हे मला रागिणीच्या खर्ड्यावर लाल पेन चालवताना कळलं, तेही त्या टिटवीपाशी.

आता तुला वाक्य बदलायला सांगण्याचा मला हक्क नाही. पण छापून आलं की ते कायमचं होईल, आणि आपण दोघं अजून जिवंत आहोत. मला ते वाक्य नको आहे. तू हवा आहेस. झालं लिहून.

बेबी

&nbsp;

१८ ऑक्टोबर

दादा,

तुझं पोस्टकार्ड काल मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, पार कोंबडीचे पाय झालेत. "हेटे सतरा उरलेत, मला माहीत आहे. वाक्य तसंच राहू दे. शा." एवढ्यासाठी पन्नास पैसे खर्च केलेस, आभारी आहे.

सतरा का काय ते मला काही कळलं नाही. तुझ्या मनासारखं होऊ दे. वाक्य राहू दे. मी आता या विषयावर लिहिणार नाही.

यंदा दिवाळीला मी सागरकडे अकोल्याला जातेय. भाऊबीज झाली की येईन. मळ्यात कोणी नसेल, दाराला कुलूप असेल. तू तब्येत सांभाळ. गुडघ्याला एरंडाचं पान बांध.

बेबी

&nbsp;

भाऊबीज, २३ ऑक्टोबर, दुपार

चि. रागिणी,

पुस्तक छापायला दिलं असेल तर आत्ताच्या आत्ता थांबव. हे पत्र सागरच्या मोबाइलवरून फोटो काढून तुला पाठवतेय, पोस्टाची वाट बघण्याएवढा धीर नाही. सागर आणि सूनबाई इथेच मळ्यात आले आहेत. अकोल्याला मी गेलेच नाही. तुझ्या सरांना मी ठरवून खोटं लिहिलं. त्याचं कारण ऐक.

त्यांचं पोस्टकार्ड आलं, हेटे सतरा उरलेत म्हणून. मला प्रश्न पडला, अमरावतीत बसलेल्या माणसाला आकडा कसा ठाऊक? मी तर लिहिला नव्हता. जाऊन मोजले, तर अठरा निघाले. पुन्हा मोजले. अठराच. मग रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि तिथून मोजले, तर सतरा! एक हेटा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे आहे, तो रस्त्यावरून दिसत नाही. म्हणजे मोजणारा माणूस रस्त्यावरून मोजत होता.

अमरावती–अकोट बसचा कंडक्टर गजेंद्र आपल्या फाट्यावर थांबतो, त्याला धरलं. तो म्हणाला, "ते टोपीवाले मास्तर? दरसाल भाऊबीजेले येतेत. अमरावतीवरून अकोटचं तिकीट काढतेत. तुमचा मळा आला का खिडकीले चिपकतेत. अकोटले चहा पेतेत, अन् वापसीच्या गाडीत दुसऱ्या बाजूनं बसतेत. म्या दोनदा म्हटलं, मास्तर, उतरा ना. तं म्हणतेत, मले अकोटले काम आहे."

नऊ भाऊबीजा, रागिणी! दरवर्षी ओवाळायचं ताट मी तयार करायची आणि मग चंद्राला ओवाळायची. आणि हा माणूस माझ्या दारावरून जात होता, तेही दोनदा. मी त्या दिवशी पोटभर रडले आणि मग इतकी हसले की गजेंद्र घाबरला.

सरळ "ये" लिहिलं असतं तर ते आले नसते. नऊ वर्षांपूर्वी मी त्यांचा बूट विहिरीत टाकला होता, त्याचा राग आडवा आला असता. आणि बसचं मला कळलंय असं लिहिलं असतं, तर त्यांनी बसही सोडली असती. म्हणून लिहिलं, मी घरी नाही. घरी कोणी नाही म्हटल्यावर ते निर्धास्त येणार, हे मला ठाऊक होतं.

आज सकाळी मीच अंजनगावला जाऊन थांबले. परतवाड्यावरून गाडी आली. गजेंद्रने भुवई उडवली. तिसऱ्या सीटवर खिडकीशी टोपी. डोक्यावरून पदर घेतला आणि बरोबर मागे बसले. मानेवरचे केस किती पांढरे झालेत, रागिणी. मला हात लावावासा वाटत होता. तो दाबून बसले.

फाटा जवळ आला तसा दादाने चष्मा पुसला. काचेवर बोट टेकवलं आणि मोजायला लागला, अगदी मोठ्याने, लहान पोरासारखा. "चौदा... पंधरा... सोळा... सतरा."

मी मागून म्हटलं, "अठरा."

तो वळला नाही. मान ताठ झाली. काचेवरचं बोट न काढता म्हणाला, "सतराच आहेत."

"अठरा आहेत. मोटारीच्या खोलीमागचा तुले दिसत नाही इथून. खाली उतर अन् मोज."

"तू त अकोल्याले गेली होती."

"नाही गेली."

मग वळला. मी रडत होते, तोही रडत होता. गाडीतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती, बघू देत. तेवढ्यात गजेंद्रने दोरी ओढली आणि ओरडला, "मास्तर, अकोटचं तिकीट वाया गेलं! उतरा लवकर, माह्या गाडीले लेट होऊन राहिला!"

ओवाळलं मी त्याला. दोनदा वाढून घेत जेवला. पिशवीतून त्याने एक वही काढली, ती तू पाहायला हवीस. त्यात दर भाऊबीजेची नोंद आहे, किती हेटे, किती वेल, कुठे तूर आली, तारेवर कोण बसलं होतं. मी लिहीत नव्हते, तेव्हा तो चालत्या एसटीतून स्वतःच बातमी घेत होता. सगळी अर्धवट. एका ठिकाणी "तारेवर निळा पक्षी, बेबीला विचारायला हवं" असं लिहून खोडलंय. नीलकंठ होता तो, दुसरं काय?

वाक्याचं सांगते. त्याने स्वतः सांगितलंय, काढ. त्याच्या जागी काय घालायचं यावर आमचं अजून भांडण चालू आहे. मी म्हणते, लिहा की मळा आहे. तो म्हणतो, "चाळीस वेलाले कोनी मळा म्हणत नाही, बेबे." मी म्हटलं, मग आणखी लाव. तर धोतर खोचून गेलासुद्धा. दोन महिने राहतो म्हणतोय. सागर त्याला कुदळ कशी धरायची ते दाखवतोय. बहात्तराव्या वर्षी! तुझ्या प्रकाशकाला म्हणावं, शेवटचं पान कोरं ठेव, आम्ही ठरवून कळवतो.

आता इथेच थांबते. तो मळ्यातून केवढ्याने ओरडतोय, "बेबे, साप! बेबे, काळा साप!" साप कसला, ठिबकची नळी आहे ती. दाखवून येते. हे मात्र पुस्तकात घाल.

बेबीताई